दोन आवाजांचे लाकूड

गिटारच्या दुकानात शिरलेला जाणकार माणूस वाद्य हाती येताच ते वाजवू लागत नाही. तो आधी त्याच्या पोटावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करतो, मग वरच्या कडेला कान टेकवून सर्वांत जाड तार एकदाच छेडतो आणि तिचा नाद पुरता विझेपर्यंत थांबून राहतो. कुंभाराकडे माठ पारखणाऱ्या किंवा बाजारात नारळ कानाशी धरून हलवणाऱ्या माणसाची हालचाल याहून फारशी वेगळी नसते, कारण पोकळ वस्तूची परीक्षा नादाने घ्यावी आणि डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवावा, ही रीत या मुलखात गिटारपेक्षा कितीतरी जुनी आहे. पबमध्ये वाजवण्यासाठी गिटार घेणाऱ्याची अडचण मात्र याच रीतीपाशी सुरू होते. दुकानात त्याच्या कानाला जो आवाज पटतो, तो पबमधल्या श्रोत्यापर्यंत कधीच पोहोचणार नसतो. श्रोत्याला जे ऐकू येणार असते ते वाद्याच्या पोटातून नव्हे, तर त्याच्या कुशीत बसवलेल्या एका छिद्रातून, तारेवाटे बाहेर पडणार असते.

या वाद्याला इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार म्हणतात, आणि त्या जोडनावात दोन वेगळी कुळे एकत्र आली आहेत. अकूस्टिक गिटारचा आवाज सर्वस्वी लाकडाचा असतो: तारेचे कंपन घोडीवाटे, म्हणजे तारांना पेलणाऱ्या आडव्या आधारावाटे, अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या वरच्या फळीत उतरते, फळी पोटातली हवा हलवते आणि ती हवा मधल्या गोल भोकातून बाहेर येते. इलेक्ट्रिक गिटारला असे पोट लागत नाही. तिच्या बहुधा भरीव लाकडावर तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र ढळते आणि त्यातून जो क्षीण प्रवाह निर्माण होतो तोच पुढे वाढवून ऐकवला जातो. इलेक्ट्रो-अकूस्टिक या दोहोंच्या मधली आहे. तिचे पोट पोकळ आहे, भोक आहे, ओटीवर बसून कोणत्याही विजेशिवाय ती वाजते. पण तिच्या घोडीवरील हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीखाली, जिला सॅडल म्हणतात, एक बारीक संवेदक लपवलेला असतो, आणि कडेला स्वरांची उंच-सखल पातळी जुळवणारी बटणे व एका चौकोनी सेलचा कप्पा असतो. एकाच लाकडाला असे दोन आवाज दिलेले असतात, एक घरासाठी आणि एक गर्दीसाठी.

पबसाठी गिटार घेणारा हा वादक ज्या मनोरी गावचा आहे, त्या गावाविषयी थोडे सांगितल्याशिवाय हे दोन आवाज नीट उलगडत नाहीत. मालाडच्या पश्चिमेला मार्वेच्या धक्क्यावरून जी तर, म्हणजे प्रवाशांची बोट, सुटते ती काही मिनिटांत खाडी ओलांडून मनोरीला लागते. माणसे, मासळीच्या पाट्या, दुचाकी आणि शाळेची दप्तरे एकाच फळीवरून चढतात आणि उतरतात. गाव बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, जिल्हा मुंबई उपनगर, तरी जमिनीवरून मुंबईत यायचे म्हटले तर उत्तरेला गोराई, उत्तन, मग भाईंदर असा मोठा वळसा पडतो. मनोरी, गोराई आणि उत्तन ज्या भूभागावर वसली आहेत त्याला जुन्या कागदांत धारावी बेट म्हटले आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत याच बेटासाठी लढाई झाली. त्याआधी दोनशे वर्षे, 1534 च्या तहानंतर, हा सारा किनारा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या, पण कोळी, आगरी, भंडारी अशा जुन्या मुळांची आठवण आणि स्वतःची मराठी बोली टिकवून राहिलेल्या उत्तर कोकणातील लोकांना आज ईस्ट इंडियन म्हणतात. हे नाव त्यांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले, आणि त्यामागे गोव्याहून व मंगळूरहून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण या भूमीचे मूळचे आहोत हे सरकारदरबारी ठसवण्याची इच्छा होती.

अशा गावात संगीत शिकण्यासाठी वेगळे ठिकाण शोधावे लागत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणण्याची मिरवणूक निघते तेव्हा पुढे पितळी वाद्यांचा बँड असतो आणि बरोबर घुमट. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, गायनवृंदात कोणीतरी गिटार धरलेली असते. सणाच्या रात्री ओटीवर एकाच्या हाती गिटार आली की तीन-चार कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडलेले स्वरसमूह, पुरेसे होतात आणि बाकीचे काम टाळ्या व गळे करतात. या ठिकाणी गिटार कधीच एकटी नसते आणि मोठीही नसते. ऐकणारे हातभर अंतरावर बसलेले असतात, त्यांना गाणे आधीच येत असते, त्यामुळे वाद्याने फक्त वाट धरून ठेवायची असते. गिटार या शब्दाचीही वाट अशीच लांबची आहे: ग्रीकांची किथारा, अरबांची कितारा, स्पॅनिशांची गितारा, आणि पोर्तुगीज माणसाच्या तोंडी तीच साधी गिटार व्हियोला होते. या किनाऱ्यावर ती पहिल्यांदा कोणत्या गलबतातून उतरली हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ती येथे परकी वाटत नाही, एवढे मात्र कोणत्याही लग्नघरी दिसते.

याच ओटीवर वाजवणारा तरुण जेव्हा खाडीपलीकडे, मालाडच्या लिंक रोडवर, अंधेरीत किंवा बोरिवलीत एखाद्या पबमध्ये वाजवायचे ठरवतो, तेव्हा वाद्याकडून असलेली त्याची अपेक्षा मुळातच बदलते. अशा एका रात्रीच्या कामाला इंग्रजीतील वादकांनी गिग हा शब्द रूढ केला आणि तो आता मुंबईत सर्वत्र ऐकू येतो; पण मराठीत त्यासाठी अधिक जुने आणि अधिक नेमके शब्द आहेत. तमाशाच्या फडाला, बँडला किंवा भजनी मंडळाला कार्यक्रम ठरवताना जी देतात ती सुपारी, आणि नाटकातला नट किंवा ऑर्केस्ट्रातला वादक ज्या हिशेबाने मोबदला घेतो ती नाइट. सुपारी या शब्दात दिलेल्या शब्दाचे बंधन आहे, नाइट या शब्दात कामाचे मोजमाप आहे. गिग या शब्दात दोन्ही नाहीत, तो नुसता हलका आहे. पबमध्ये वाजवणाऱ्याला या दोन्ही जुन्या शब्दांचा अर्थ लवकरच कळतो, कारण ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते, ठरलेले तास वाजवावे लागते, आणि गिटारची किंमत किती रात्रींत भरून निघेल हा हिशेब मनात चालूच असतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने मद्य पिण्यासाठी परवाना लागू लागला आणि त्यातून परमिट रूम हा अस्सल इथला शब्द जन्मला. परमिट रूममध्ये माणूस बहुधा पाठ वळवून, मंद उजेडात, न बोलता पीत असे. पब हे त्याहून निराळे ठिकाण आहे, तेथे लोक बोलण्यासाठी जातात, आणि वादकाची खरी स्पर्धा दुसऱ्या वादकाशी नसून या बोलण्याशी असते.

ज्या संवेदकाच्या बळावर लाकडी गिटार या कोलाहलाला तोंड देते त्याची गोष्ट 1880 मध्ये पॅरिसमध्ये सुरू होते. झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांना असे आढळले की गारगोटीच्या किंवा विशिष्ट क्षारांच्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठावर विद्युतभार निर्माण होतो; या गुणाला मराठीत दाबविद्युत म्हणतात आणि इंग्रजी पिएझो हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचाही अर्थ दाबणे असाच आहे. हा शोध पुढे पाणबुड्या हुडकणाऱ्या यंत्रांत, घड्याळांत आणि गॅस पेटवण्याच्या लायटरमध्ये गेला. गिटारमध्ये तो रुजवण्याचे मोठे श्रेय चार्ल्स कामन या अमेरिकी माणसाच्या कंपनीला जाते, जो पेशाने हेलिकॉप्टर बनवत असे. हेलिकॉप्टरच्या पात्यांतली थरथर कशी मारावी याचा अभ्यास करणाऱ्या त्याच्या कारखान्यात 1966 मध्ये ओव्हेशन ही गोल पाठीची गिटार तयार झाली आणि काही वर्षांतच तिच्या सॅडलखाली दाबविद्युत संवेदक बसला. थरथर मारण्याच्या विद्येने थरथर जपण्याची विद्या शिकवावी, ही घटना विलक्षण आहे. त्यापूर्वी लाकडी गिटार मंचावर ऐकवायची तर तिच्यासमोर मायक्रोफोन ठेवून वादकाला बहुधा खिळल्यासारखे बसावे लागे. आता तो उभा राहू शकला, वळू शकला, गाऊ शकला.

मात्र दाबविद्युत संवेदक जे ऐकतो ते माणसाचा कान ऐकतो त्यासारखे नसते, आणि स्वस्त गिटार घेणाऱ्याला हे सर्वांत आधी कळायला हवे. कान हवेतून ऐकतो, म्हणजे लाकूड, पोट, भोक, खोलीच्या भिंती या सर्वांतून गाळून आलेला नाद त्याला मिळतो. संवेदक मात्र घोडीच्या बुडाशी दबून बसलेला असतो आणि त्याला मुख्यतः तारेचा ताण व सुटका कळते. म्हणून त्याचा आवाज धारदार, कोरडा, नखाने आघात केल्याचा चटका अधिक असलेला येतो, आणि जोराने वाजवले तर बदकाच्या ओरडण्यासारखा एक फाटका कण त्यात मिसळतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा केसभर सरकवून जवारी जुळवणाऱ्या माणसाला हा फरक शब्दांत सांगावा लागणार नाही. तार आणि घोडी यांच्या त्या एका स्पर्शरेषेवर वाद्याचा सारा स्वभाव अवलंबून असतो हे मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी पिढ्यानपिढ्या हाताने सिद्ध केले आहे. तानपुऱ्यात तो स्पर्श भोपळ्यातून मोकळा होऊन बाहेर येतो. संवेदकात तो कच्चा, घरात शिरण्याआधीच उंबऱ्यावर पकडलेला असतो.

हा पकडलेला आवाज फार क्षीणही असतो, म्हणून त्याला बळ देणारे एक छोटे मंडल, ज्याला प्रीअँप म्हणतात, गिटारच्या कुशीतच बसवतात आणि ते नऊ व्होल्टच्या सेलवर चालते. पुष्कळ गिटारांत वायरची पिन, म्हणजे जॅक, आत खुपसली की हे मंडल आपोआप सुरू होते. त्यामुळे कार्यक्रम झाल्यावर पिन काढायची राहिली तर सेल रात्रभर झिजतो आणि दुसऱ्या दिवशी ऐन गाण्यात आवाज मलूल होऊन विझतो. पबमध्ये वाजवणारा प्रत्येक जण पिशवीच्या खिशात तारांचा एक संच आणि एक चौकोनी सेल ठेवतो तो याच कारणाने. या लहानशा सवयी म्हणजे देवघरातल्या समईत तेल किती उरले हे येता-जाता पाहण्याचीच जात आहे.

खरेदीसाठी मनोरीहून निघालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. उपनगरांत ठिकठिकाणी दुकाने आहेत आणि दुसरी वाट थेट दक्षिण मुंबईत, धोबी तलावाकडे जाते. तेथे जेर महालच्या इमारतीशी फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाचे नाव जोडलेले आहे, ज्याचा आरंभ 1865 चा. याच जेर महालात गोव्याच्या गावांच्या नावाने चालणाऱ्या कुडी, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या गावकऱ्यांची सामाईक बिऱ्हाडे, आजही आहेत. या परिसरातून ज्या वादकांनी हॉटेलांच्या नृत्यगृहांत आणि नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम केले, त्यांच्यामुळे व्हायोलिन, ट्रंपेट आणि गिटार ही वाद्ये साऱ्या देशाच्या कानाला सवयीची झाली. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँतोनियो शाव्हियेर वाझ ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवत आणि चित्रपटसंगीतातही तेवढेच रमत. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी मुंबईच्या नाइटक्लबांत जे घडवले ते कोंकणी गाण्याच्या इतिहासात कायमचे जाऊन बसले. त्या पिढीच्या हातातली वाद्ये महागडी होती असे नाही. पुष्कळांची दुरुस्त केलेली, उसनी, वारशाने आलेली असत, आणि रात्रीच्या कामाची साधने म्हणूनच ती सांभाळली जात.

या दुकानांत स्वस्त म्हणून जे पुढे ठेवले जाते त्याची किंमत साधारण दहा ते वीस हजार रुपयांच्या घरात असते. त्याखाली कोलकात्याच्या गिवसनसारखी, अनेकांच्या पहिल्या शिकवणीतली गिटार असते, आणि त्यावर पूर्ण अस्सल फळीची, तितकीच नाजूक वाद्ये सुरू होतात. मधल्या पट्टीत यामाहाचे नाव वारंवार येते. ही कंपनी ज्याने उभी केली तो तोराकुसू यामाहा 1887 मध्ये हमामात्सू गावातल्या शाळेचे एक बिघडलेले अमेरिकी ऑर्गन दुरुस्त करायला गेला आणि ते खोलून पाहिल्यावर तसेच वाद्य आपणच घडवावे असे त्याने ठरवले. हवेच्या झोताने पितळी पट्ट्या वाजवणारे ते ऑर्गन मराठी वाचकाला अनोळखी नाही, कारण त्याच कुळातल्या वाद्याने बालगंधर्वांच्या रंगभूमीवर गायनाची साथ केली. ज्या वर्षी मनोरीच्या आसपासच्या लोकांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव दिले, त्याच वर्षी जपानमध्ये कोणी एक यंत्रदुरुस्ती करणारा माणूस पेटीच्या पोटात डोकावत होता, या योगायोगाला काही अर्थ नाही. तरी मनोरीच्या ओटीवर टेकवलेल्या यामाहाच्या माथ्यावरचे तीन स्वरकाटे पाहताना तो आठवल्याखेरीज राहत नाही.

स्वस्त गिटारची वरची फळी बहुधा प्लायची असते, म्हणजे लाकडाचे पातळ थर एकावर एक उलटसुलट चिकटवून केलेली. महागड्या गिटारची ती देवदाराच्या कुळातल्या स्प्रूस वृक्षाची सलग, एकसंध असते. जाणकार सलग फळीची बाजू घेतात आणि त्यात तथ्य आहे: ती मोकळेपणी थरथरते, वर्षे गेली की अधिक खुलते, तिचा नाद गोल आणि खोल होतो. पण जाणकारांचे हे शास्त्र थंड, कोरड्या देशांत लिहिले गेले आहे. गिटारसाठी हवेतील सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी असे ते सांगते, आणि मनोरीत पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून कितीतरी वर असते. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. एवढे ओझे रात्रंदिवस खेचणारी सलग फळी ओलाव्याने फुगली की तिला पोट येते, घोडी वर उचलली जाते, तारा मानेपासून दूर जातात आणि बोटांना कापू लागतात. प्लायची फळी उलटसुलट थरांमुळे इतकी सहज वाकत नाही. तिचा आवाज थोडा बंद, थोडा बोथट असतो, हे खरे. परंतु यामाहाने 1966 मध्ये काढलेली एफजी 180 ही प्लायच्याच फळीची गिटार जगभर पिढ्यांनी वाजवली आणि आज जुन्या वाद्यांचे शौकीन ती शोधत फिरतात. जे वाद्य तरीवर चढणार आहे, रिक्षाच्या मागच्या फळीवर निजणार आहे आणि पबच्या थंडगार वातानुकूलित खोलीतून मध्यरात्री एकदम दमट हवेत बाहेर पडणार आहे, त्याच्यासाठी प्लाय ही तडजोड नसून शहाणपणाची निवड आहे. मनोरीच्या किनाऱ्यावर बांबू रोवून आडव्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात, ते दोर आणि बांबू दर हंगामात खाऱ्या वाऱ्याला तोंड देतात. कोणीही त्यासाठी नाजूक लाकूड आणत नाही.

लाकडाविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. गिटारच्या पाठीसाठी आणि बोटे फिरतात त्या पट्टीसाठी जगभर ज्याची मागणी आहे त्या इंडियन रोजवुडचे मराठी नाव शिसव आहे आणि तो वृक्ष सह्याद्रीत वाढतो. ब्राझीलच्या रोजवुडची आवक आटली तेव्हा अमेरिकेतील मार्टिन या 1833 पासूनच्या कंपनीने 1969 मध्ये भारतीय शिसव स्वीकारले. शिसवाच्या पलंगावर आणि कपाटांवर पिढ्या वाढलेल्या घरांना तेच लाकूड गाते हे फार उशिरा कळले.

पबमध्ये मात्र लाकडाचे हे गाणेच संकट बनते. मोठ्या आवाजाच्या ध्वनिक्षेपकातून निघालेली कंपने परत गिटारच्या फळीवर येऊन आदळतात, फळी पुन्हा थरथरते, संवेदक ती थरथर पुन्हा पुढे पाठवतो, आणि क्षणार्धात एक घुमणारा, वाढत जाणारा हुंकार साऱ्या खोलीभर पसरतो. त्याला फीडबॅक म्हणतात. बहुतेक गिटारांच्या पोटातली हवा सेकंदाला शंभरच्या आसपास कंपनांना सर्वांत उत्कटतेने साद देते आणि हा हुंकार बहुधा त्याच जागी उठतो. त्यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे रबराची एक गोल चकती, जी गिटारच्या भोकात बसवून ते बंद करतात. ज्या भोकातून वाद्य शतकानुशतके बोलत आले तेच गर्दीत बोलण्यासाठी बुजवावे लागते, हे पाहताना प्रथम मन थोडे खट्टू होते. नंतर लक्षात येते की 1989 मध्ये सुरू झालेल्या अनप्लग्ड या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने लाकडी गिटारची जी ओढ जगभर पसरवली, तिच्याही मंचावर मायक्रोफोन, वायरी आणि ध्वनिक्षेपक होतेच. साधेपणा ऐकू यावा यासाठीही बरीच यंत्रणा लागते. तसे पाहिले तर ओटीवरसुद्धा साधेपणा आपोआप येत नाही, तेथे भिंती, छप्पर आणि जवळ बसलेली माणसे ती यंत्रणा असतात.

वाद्याला काळाप्रमाणे काही सोडावे लागते, याचे उदाहरण मनोरीच्या लग्नघरातच आहे. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेले मातीचे भांडे, ज्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत आणि दुसऱ्या तोंडावर तळवा उघडझाप करून नाद घुमवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि घुमटावर बकऱ्याचे कातडे आले. जुन्या कानांना त्यात ती जुनी घुमारी सापडत नाही. लहान मुलांना मात्र हाच घुमटाचा आवाज, कारण त्यांनी दुसरा ऐकलेलाच नाही, आणि मिरवणूक अडून राहिलेली नाही. पबच्या वायरीतून येणारा आवाज ज्यांनी गिटारचा आवाज म्हणून प्रथम ऐकला, अशीही आता एक पिढी मोठी झाली आहे. तिला लाकडाचा खरा आवाज ओळखता येत नाही असे म्हणण्यापेक्षा, तिच्या ओळखीचा आवाज निराळ्या दारातून आला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

यातही वादकाच्या वाट्याला एक विचित्र एकटेपणा येतो, ज्याची कल्पना दुकानात येत नाही. मंचावर त्याच्या छातीला टेकलेले लाकूड त्याला आपला घरचा आवाज देत असते, समोरच्या पेट्यांतून खोलीकडे दुसराच आवाज जात असतो, आणि पायाशी ठेवलेल्या छोट्या पेटीतून, जिला मॉनिटर म्हणतात, तिसरा. टेबलांवरच्या गप्पा वाढल्या की पहिला आवाज कानातून नाहीसा होतो आणि फक्त बरगड्यांना जाणवत राहतो. म्हणून दुकानात खरेदी करताना गिटार वायरीला जोडून, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देऊन स्वतः दहा-बारा पावले दूर उभे राहून ऐकावे, हा सल्ला अनुभवी वादक देतात. तो पाळणारे थोडे असतात, कारण प्रेमात पडलेल्या माणसाला दूर उभे राहणे जड जाते. जे पाळतात त्यांना कधीकधी असे आढळते की जवळून अतिशय गोड वाटलेले वाद्य तारेतून पातळ, काचेसारखे येते, आणि शेजारचे, टकटक केल्यावर मुके वाटलेले स्वस्त वाद्य खोलीच्या टोकाला स्वच्छ, ठाम, शब्दांना जागा देत उभे राहते. त्या वेळी माठ पारखणारी जुनी रीत बाजूला ठेवावी लागते. ती चुकीची ठरत नाही. तिचा उपयोग मनोरीच्या ओटीपुरता असतो, आणि ओटीवरही ही गिटार वाजणारच असते, म्हणून ती पुरती विसरताही येत नाही.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये असा नियम 2000 साली देशभर आला आणि वर्षातले मोजके दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते; त्यामुळे किनाऱ्यावरचे समारंभ लवकर आवरते घ्यावे लागतात आणि बंद दारांआडचे पब तेवढे वाजत राहतात. मालाडच्या पबमधून निघालेल्या माणसाने वायर गुंडाळून, पिन काढून, मऊ फडक्याने तारांवरचा घाम पुसलेला असतो, कारण न पुसलेली तार मनोरीच्या हवेत काही दिवसांत तांबूस पडते. शेवटची तर सुटून गेली असेल तर भाईंदरचा वळसा असतो. सापडली तर मार्वेच्या धक्क्यावर मोजकी माणसे असतात, पाणी काळे असते आणि पलीकडच्या गावाचे दिवे खाली, पाण्याच्या पातळीवर लागलेले दिसतात. गिटार पिशवीत असते आणि पिशवी दोन गुडघ्यांत उभी धरलेली असते. बोटीचे इंजिन सुरू होते, त्याची घरघर फळ्यांतून, बाकातून वर चढते आणि पिशवीतल्या बंद पोटात शिरते. कोणी न छेडता एखादी जाड तार त्या घरघरीला साद देऊन हलू लागते. ते कोणालाच ऐकू येत नाही. गिटार धरलेल्याच्या गुडघ्यांना तेवढे कळते, आणि खाडी ओलांडून होईपर्यंत तो पकड सैल करत नाही.